डोळ्यातला हर्पीस आणि डोळ्याचा कर्करोग: संबंध खरा किती?

जाईजुई

नवऱ्याच्या उजव्या डोळ्याला हर्पीसचा त्रास आहे, अगदी कॉलेजात असल्यापासून. मध्ये वर्ष-दोन वर्षं शांत जातात. मग ताप, जागरण, कामाचा ताण असं काहीतरी निमित्त होतं आणि पुन्हा डोळा लाल, सतत पाणी, उजेड सहन न होणं. बुबुळावर एक धूसर डाग कायमचा राहिलाय. या सगळ्याची आम्हाला सवय झाली होती. पण परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, 'हर्पीसच्या विषाणूमुळे डोळ्याचा कर्करोग, ट्यूमरमध्ये सापडला विषाणू'. तेव्हापासून तो तोंडाने काही बोलत नाही, पण उठला की आरशासमोर पापणी ताणून बघत बसतो.

मी वाचायला बसले तर गोंधळ वाढलाच. एक लेख म्हणतो हर्पीस कुळातले विषाणू कर्करोग करतात हे सिद्ध आहे. दुसरा म्हणतो घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही लेख जबाबदारीने लिहिलेले वाटतात.

जाणकारांनी कृपया सांगा. असा संबंध खरंच आहे का? असेल तर कोणत्या विषाणूचा, कोणत्या कर्करोगाशी? आणि डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी चालू ठेवली तर हा धोका टळतो का? घरगुती उपाय सुचवू नका ही विनंती, डोळ्याचा मामला आहे.

रानवारा

माझ्या बहिणीलाही हेच दुखणं आहे. धागा वाचतोय.

सूक्ष्मदर्शक

जाईजुई, तुम्ही वाचलेले दोन्ही लेख आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते बहुधा वेगवेगळ्या विषाणूंबद्दल बोलताहेत. मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करतो, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे विषाणूंपुरतं लिहितो, डोळ्याचं डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगावं.

माणसाला होणारे हर्पीस कुळातले विषाणू नऊ. त्यांच्या तीन शाखा आहेत. अल्फा शाखेत ओठावर आणि डोळ्यात येणारा हर्पीस सिम्प्लेक्स १, त्याचा भाऊ सिम्प्लेक्स २, आणि कांजिण्या व नागीण करणारा झोस्टर. बीटा शाखेत सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही आणि त्याचे जवळचे तिघं. गॅमा शाखेत दोघंच: एपस्टाइन-बार म्हणजे ईबीव्ही, आणि कापोसी सार्कोमा या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून होणाऱ्या कर्करोगाचा विषाणू, ज्याला एचएचव्ही-८ म्हणतात.

कर्करोगाचं सिद्ध झालेलं प्रकरण या शेवटच्या दोघांचं आहे. ईबीव्ही १९६४ साली एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना बर्किट लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग) याच्या पेशींत दिसला. एचएचव्ही-८ युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी १९९४ मध्ये शोधला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या दोघांनाही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे नक्की झालेल्या घटकांत, ठेवलं आहे. तुमच्या यजमानांच्या डोळ्यातला सिम्प्लेक्स त्या यादीत नाही.

आता फरक का पडतो ते. सिम्प्लेक्स बुबुळाच्या वरच्या थरातल्या पेशीत शिरतो, स्वतःच्या हजारो प्रती काढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. मेलेली पेशी कर्करोगाची होऊ शकत नाही. उरलेला विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन निपचित पडतो, आणि मज्जापेशी तर विभाजितच होत नाहीत. ईबीव्हीचा खाक्या याच्या उलट. तो बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीत राहतो, तिला मारत नाही, उलट जगवतो. त्याचं एलएमपी-१ नावाचं प्रथिन पेशीला सतत 'वाढ, वाढ' असा संदेश देत राहतं. निरोगी माणसात प्रतिकारशक्ती अशा पेशी वेचून मारते. ती पहारेदारी ढिली पडली की गडबड सुरू होते.

खारूताई

अप्रतिम समजावलंत. पण एक शंका. व्हिडिओत म्हणतात तसा ट्यूमरमध्ये विषाणूचा डीएनए खरोखर सापडला असेल तर तो पुरावा नाही का? मग अजून काय हवं?

तळटीप

@खारूताई, गर्दीच्या फोटोत एखादा दिसला म्हणून दंगल त्यानेच पेटवली असं ठरत नाही. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात ईबीव्ही असतोच. सिम्प्लेक्स १ हा ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांत असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गाठीत पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यांच्यातल्या दोन-चार पेशींत ईबीव्ही असला तरी पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह येतं. पीसीआर सगळा तुकडा दळून बघतं. विषाणू कर्करोगाच्या पेशीत होता की शेजारून जाणाऱ्या पेशीत, हे त्यातून कळत नाही.

यावर इतिहासातलं उदाहरण आहे आणि ते हर्पीसचंच आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सिम्प्लेक्स २ मुळे होतो असं बऱ्याच संशोधकांचं मत होतं. रुग्ण स्त्रियांच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडी जास्त सापडत होत्या. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गाठींमध्ये त्या विषाणूचा डीएनए शोधला, तो मिळेना. त्यांनी वेगळ्याच विषाणूचा माग काढला आणि १९८३ साली एचपीव्ही-१६ सापडला. २००८ चं नोबेल त्यासाठी. लैंगिक संबंधातून दोन्ही विषाणू पसरत असल्याने एकाच्या पावलांचे ठसे दुसऱ्याचे वाटत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कितीतरी वर्षं चाललं होतं.

सूक्ष्मदर्शक

तळटीप यांच्याशी सहमत. पुरावा कसा असावा तेही सांगतो. ईबीव्हीसाठी 'ईबर' नावाची तपासणी असते. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन विषाणूचे छोटे आरएनए रंगवतात. खरा ईबीव्हीचा लिम्फोमा असेल तर नजर जाईल तिथपर्यंत पेशींची केंद्रकं गडद रंगलेली दिसतात. नुसता वाटसरू असेल तर शंभरांत एखादी पेशी रंगते आणि तीही साधी, कर्करोगाची नसते. पहिल्यांदा असा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की 'सापडला' आणि 'कारण आहे' यांतलं अंतर डोळ्यांना दिसतं.

नेत्रांजली

नेत्रतज्ज्ञ आहे, उशिरा येतेय. आधी एक सांगते: 'डोळ्याचा कर्करोग' असा एक आजार नाही. डोळ्यात आणि डोळ्याभोवती वेगवेगळ्या ऊतींचे वेगवेगळे कर्करोग होतात आणि त्यांची कारणं एकमेकांशी जुळत नाहीत.

लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा हा आरबी-१ या जनुकातल्या बिघाडाचा. प्रौढांत डोळ्याच्या आत होणारा सर्वांत नेहमीचा मूळ कर्करोग म्हणजे युव्हिअल मेलानोमा, डोळ्याच्या मधल्या थरातल्या रंगपेशींचा. त्यातल्या बहुतेक गाठींत जीएनएक्यू किंवा जीएनए-११ या जनुकांत बदल असतो. या दोन्हींत हर्पीस विषाणूंचा हात असल्याचं सिद्ध नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा स्क्वेमस (वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कर्करोग ऊन, एचपीव्ही आणि एचआयव्ही यांच्याशी जोडला जातो. त्या गाठींतही हर्पीसचं कूळ शोधून झालंय, पण त्यातून कारण म्हणून बोट दाखवावं असं काही ठरलेलं नाही.

मग हर्पीस कूळ नक्की कुठे येतं? एक म्हणजे कापोसी सार्कोमा. हा पापणीवर किंवा पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यात होऊ शकतो. दिसतो कसा, तर लालभडक, सपाट किंवा किंचित उंचावलेला चट्टा. शिंकल्या-खोकल्यावर डोळ्यात रक्त उतरतं ना, हुबेहूब तसा. उतरलेलं रक्त दोन-तीन आठवड्यांत पिवळं पडून जिरतं, हा मात्र जात नाही. एचआयव्ही असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर औषधं घेणाऱ्या माणसात असा न जिरणारा लाल चट्टा दिसला तर तुकडा तपासायलाच हवा. आणि यात आशेची गोष्ट आहे. एचआयव्हीवरचे उपचार नीट सुरू झाले की कित्येकदा हा चट्टा आपोआप आकसतो. प्रत्यारोपण झालेल्यांत औषध बदलून सिरोलिमस दिल्यावर कापोसी मागे हटल्याची नोंद २००५ सालापासून आहे. विषाणू शरीरात राहतोच, पण पहारा परत बसला की त्याचं चालत नाही.

दुसरा म्हणजे लिम्फोमा, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. ओपीडी संपल्यावर लिहिते.

पैलतीर

डॉक्टर लिहितीलच, त्याआधी आमच्या घरातलं सांगतो. वडिलांना साठीनंतर डोळ्यापुढे ठिपके तरंगायला लागले, नजर धुक्यातून बघितल्यासारखी. डोळ्याच्या आत सूज आहे, युव्हिआयटिस, असं निदान झालं. स्टिरॉइडचे थेंब, मग गोळ्या. छान फरक पडला आणि आम्ही सुटलो म्हणालो. डोस कमी केला की ठिपके परत. पुन्हा स्टिरॉइड, पुन्हा बरं, पुन्हा तेच. मधल्या काळात 'विषाणूची सूज असावी' म्हणून हर्पीसची औषधंही देऊन झाली. शेवटी दुसऱ्या ठिकाणी दाखवलं. तिथे डोळ्यातल्या जेलीचा नमुना घेतला आणि लिम्फोमा निघाला. पुढे मेंदूचा एमआरआय केला तर तिथेही एक डाग होता.

उपचार झाले, ते आज आमच्यात आहेत. पण तो मधला वाया गेलेला काळ आठवला की जीव तळमळतो. माझा प्रश्न असा, की हा लिम्फोमा त्या हर्पीसमुळेच झाला असेल का? घरात हा विषय निघाला की अजून वाद होतो.

नेत्रांजली

पैलतीर, वडील बरे आहेत हे वाचून फार बरं वाटलं.

तुम्ही वर्णन केलंत तसा रेटिना आणि जेलीत होणारा लिम्फोमा हा सोंग घेणारा आजार म्हणूनच शिकवला जातो. तो सूज असल्याचं सोंग घेतो. स्टिरॉइडने लिम्फोमाच्या पेशी काही काळ मरतात, म्हणून बरं वाटतं. त्याच कारणाने नमुनाही खोटा 'ठीक' येऊ शकतो. म्हणून शक्य असेल तेव्हा स्टिरॉइड थांबवून मगच जेलीचा नमुना घेतात, आणि तो पेशी नाजूक असल्याने लगोलग प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. त्याच नमुन्यात पेशी बघतात, इंटरल्युकिन-१० आणि ६ या संदेशवाहक प्रथिनांचं प्रमाण बघतात, एमवायडी-८८ या जनुकातला बदल बघतात, आणि सिम्प्लेक्स, झोस्टर, सीएमव्हीसाठी पीसीआरही करतात. कारण हे तिन्ही विषाणू रेटिनाला सूज आणू शकतात आणि वरवर चित्र सारखंच दिसू शकतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ज्यांची प्रतिकारशक्ती चांगली आहे त्यांच्यात हा लिम्फोमा बहुतांशी ईबीव्हीशिवाय होतो, बी-पेशीतल्या एमवायडी-८८ सारख्या बदलांमुळे. प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांत मात्र ईबीव्ही त्या पेशींत सापडतो आणि तिथे तो खरा कर्ता असतो. सिम्प्लेक्सचा यात भाग नाही. हर्पीसची औषधं वडिलांना दिली गेली ती शंकेपोटी. हर्पीस होता आणि त्याचा लिम्फोमा झाला असं नव्हे. घरातला वाद थांबवायला एवढं पुरेल असं वाटतं.

स्पष्टवक्ता

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. 'सिद्ध नाही' हे वाक्य मला नेहमी खटकतं. सिद्ध नाही म्हणजे नाही, असा अर्थ लोक घेतात. तंबाखूच्या वेळीही बराच काळ हेच ऐकवलं गेलं. विषाणू येतो, पेशीत कायमचा बिघाड करतो आणि नाहीसा होतो अशीही शक्यता संशोधकांनीच मांडली आहे ना? मग ट्यूमरमध्ये तो सापडणारच नाही. तुम्ही सापडला तरी नाही म्हणता, आणि न सापडला तर नाहीच म्हणणार. मग पेशंटने काय समजायचं?

सूक्ष्मदर्शक

@स्पष्टवक्ता, आक्षेप रास्त आहे. 'मारा आणि पळा' ही कल्पना गंभीरपणे मांडली गेलेली आहे आणि ती खोडणं अवघड आहे हेही खरं. पण अशा वेळी गाठ सोडून माणसांकडे बघावं लागतं. सिम्प्लेक्सच्या डोळ्यात एक नैसर्गिक तुलना मिळते. हा आजार बहुतेकांना एकाच डोळ्यात होतो आणि त्याच डोळ्यात वर्षानुवर्षं उलटत राहतो. दुसरा डोळा त्याच माणसाचा, तेच ऊन, तेच वय, तेच जनुक. विषाणू मागे बिघाड सोडून जात असता, तर आजारी डोळ्यात गाठी निरोगी डोळ्यापेक्षा ठळकपणे जास्त दिसायला हव्या होत्या. बुबुळावरचा हर्पीस हा दुर्मीळ आजार नाही. नेत्रतज्ज्ञांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी असे डोळे दशकानुदशकं पाहिले आहेत. डाग, व्रण, वाढलेला दाब, गेलेली नजर हे सगळं पुस्तकांत लिहिलेलं आहे. कर्करोग त्या यादीत नाही.

स्पष्टवक्ता

एकाच माणसाच्या दोन डोळ्यांची तुलना हा मुद्दा पटला. ईबीव्हीबाबत मात्र सावध राहावं या मतावर मी ठाम आहे.

सूक्ष्मदर्शक

त्यात आपलं भांडणच नाही :)

गोठ्यातला डॉक्टर

पशुवैद्य आहे. माणसांच्या धाग्यात गुरं-कोंबड्या आणतो, पण विषयाशी थेट नातं आहे.

हर्पीस विषाणू डोळ्यात ट्यूमर करू शकतो का, याचं कोंबड्यांपुरतं उत्तर 'हो' आहे. मारेक्स नावाचा रोग. योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये वर्णन केलं, १९६७ मध्ये त्यामागे हर्पीसचा विषाणू असल्याचं दाखवलं गेलं. या विषाणूने लिम्फोमा होतो. मज्जातंतू सुजतात, पक्षी एक पाय पुढे एक मागे टाकून पडतो. आणि काहींत लिम्फोमाच्या पेशी डोळ्याच्या रंगीत पडद्यात भरतात. तांबूस-केशरी असलेला तो पडदा राखाडी होतो, बाहुलीची कड वेडीवाकडी होते, उजेडात ती आकसत नाही. एकदा पाहिलेला तो राखाडी डोळा विसरता येत नाही. यावर १९७० च्या सुमारास लस आली. ती विषाणूचा शिरकाव थांबवत नाही, पण ट्यूमर थांबवते.

दुसरं, समुद्री कासवं. त्यांच्या अंगावर फुलकोबीसारख्या गाठी येतात, पहिलं वर्णन १९३८ चं. त्यांच्याशी कासवांचा एक हर्पीस विषाणू घट्ट जोडलेला आहे. गाठी कर्करोगाच्या नसतात, पण डोळ्यांवर वाढल्या की कासव आंधळं होतं आणि अन्न न दिसल्याने खंगतं.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं. पांढऱ्या चेहऱ्याच्या हेरफर्ड गुरांना डोळ्याचा स्क्वेमस कर्करोग फार होतो. त्या गाठींमधूनही गुरांचा हर्पीस विषाणू मिळालेला आहे. पण मुख्य गुन्हेगार ऊन आणि पापणीवर रंगद्रव्य नसणं. पापणीभोवती गडद रंग असलेल्या गुरांत प्रमाण कमी असतं. म्हणजे एकाच कुळातला विषाणू कोंबडीत कर्ता आणि गायीत बहुधा फक्त हजर.

खारूताई

थांबा, म्हणजे कोंबड्यांना कर्करोगाची लस माणसांच्या आधी मिळाली? कोंबड्यांची संघटना फारच कार्यक्षम दिसते.

गोठ्यातला डॉक्टर

हो, मिळाली :) कुठल्याही प्राण्यात कर्करोग टाळणारी ती पहिली यशस्वी लस मानतात. माणसांत हिपॅटायटिस बीची लस १९८० च्या दशकात आणि एचपीव्हीची २००६ मध्ये आली. ईबीव्हीवर अजून काम चालू आहे.

सांजवेळ

अवांतर विचारते. माझं बाळ दीड वर्षाचं आहे. मला ओठावर हर्पीस उठतो. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. बाळाच्या डोळ्याला कर्करोग वगैरे?

नेत्रांजली

सांजवेळ, ओठावरच्या हर्पीसमुळे बाळाला डोळ्याचा कर्करोग होत नाही. ओठावर फोड असताना बाळाचे पापे घेऊ नका, हात धुऊनच बाळाच्या डोळ्यांजवळ न्या. ही काळजी बाळाला डोळ्याचा संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायची.

मुलांच्या रेटिनोब्लास्टोमाबद्दल मात्र प्रत्येक आईबापाला माहिती हवी. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी किंवा पिवळट चमकली, किंवा नव्याने तिरळेपणा दिसला, तर 'मोठं झाल्यावर जाईल' म्हणत थांबू नका. लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. फोटोतली पांढरी चमक प्रत्येक वेळी कर्करोगच असते असं नाही, पण तपासल्याशिवाय सोडायची नाही. वेळेत सापडला तर मूल वाचतं आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.

तळटीप

रेटिनोब्लास्टोमाचा विषय निघालाच आहे तर एक सुंदर धागा जोडतो. १९७१ मध्ये आल्फ्रेड क्नुडसन यांनी निव्वळ रुग्णांची वयं आणि एका-दोन डोळ्यांची आकडेमोड करून मांडलं, की या कर्करोगाला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. ते जनुक १९८६ मध्ये हाती आलं. त्यापासून बनणारं आरबी प्रथिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत विभाजनाला लगाम घालतं.

पुढे कळलं, की कितीतरी विषाणू याच लगामावर हल्ला करतात. एचपीव्हीचं ई-७ प्रथिन आरबीला धरून निकामी करतं. एचएचव्ही-८ कडे स्वतःचं सायक्लिन (विभाजन पुढे रेटणारं प्रथिन) आहे, ते आरबीला बाजूला सारायला लावतं. सीएमव्हीचं यूएल-९७ सुद्धा आरबीवर काम करतं, आणि तरीही सीएमव्ही कर्करोग करणाऱ्यांच्या त्या पहिल्या गटात नाही. लगाम ढिला करणं एक आणि कर्करोग होणं वेगळं, मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. डोळ्याच्या एका दुर्मीळ कर्करोगाने हे सगळं उलगडायची किल्ली दिली याचं मला कायम नवल वाटतं.

रानवारा

इतकी मंडळी आहात तर विचारतो. हर्पीसचा विषाणू कर्करोगावर औषध म्हणून वापरतात असं ऐकलं. खरं की तोही व्हिडिओच?

सूक्ष्मदर्शक

खरं आहे, आणि तो सिम्प्लेक्स १ च आहे! टी-व्हेक नावाचं औषध. विषाणूतली दोन जनुकं काढून त्याला निरोगी पेशींसाठी दुबळा केला आणि प्रतिकारशक्तीला हाक मारणारं एक जनुक घातलं. त्वचेच्या मेलानोमाच्या गाठीत ते टोचतात. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता मिळाली. वर मी म्हटलं ना, की हा विषाणू पेशी फोडून बाहेर पडतो. तोच गुण इथे कामी आणलाय.

डोळ्याच्या बाबतीतही एक प्रयोग झालाय. रेटिनोब्लास्टोमाच्या पेशी जेलीत विखुरल्या की उपचार अवघड होतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत आठ मुलांच्या डोळ्यांत दुसऱ्या एका विषाणूमार्फत हर्पीसचं थायमिडीन कायनेज हे जनुक पोचवलं आणि मग गॅन्सायक्लोव्हिर दिलं. हे औषध त्या जनुकाशिवाय पेशीला फारसं काही करत नाही, ते असेल तर पेशी मरते. जेलीतल्या पेशी विरघळल्याचं दिसलं.

नेत्रांजली

यात एवढंच घालते की टी-व्हेक डोळ्याच्या कर्करोगासाठी मान्य नाही, आणि ती मुलांची चाचणी सुरुवातीच्या टप्प्यातली होती. उद्या कोणी 'मला हर्पीसचं इंजेक्शन द्या' म्हणत आलं तर मी या धाग्याकडे बोट दाखवणार आहे :)

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला सूक्ष्मदर्शक यांचा दोन डोळ्यांच्या तुलनेचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, 'हे पटतंय.' पण माझा गोळीचा प्रश्न राहिलाच. आणि एक नवीन: त्याच्या काकांना गेल्या वर्षी कपाळावर आणि डोळ्यावर नागीण झाली, काही महिन्यांनी त्यांना रक्ताचा कर्करोग निघाला. हे कसं समजायचं?

नेत्रांजली

काकांचं आधी. बाण उलटा लावून बघा. कर्करोग आधीपासून शरीरात असतो, प्रतिकारशक्ती खचवतो, आणि निपचित पडलेला झोस्टर डोकं वर काढतो. नागीण आधी दिसली म्हणून ती कारण ठरत नाही. वयोमानाने किंवा नुसत्या ताणानेही नागीण होते, त्यामुळे नागीण झालेल्या प्रत्येकाने कर्करोग शोधत फिरायचंही कारण नाही.

आता गोळी. अ‍ॅसायक्लोव्हिर कर्करोग टाळायला देत नाहीत, नजर वाचवायला देतात, आणि ते काम ती चांगलं करते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं वर्षभर दिल्यावर डोळ्यातला हर्पीस उलटण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. मज्जातंतूत लपलेला विषाणू तिने मरत नाही, म्हणून बंद केल्यावर तो पुन्हा उठू शकतो. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डोस बदलावा लागतो, तेवढं डॉक्टरांना सांगा.

तुमच्या यजमानांना खरा धोका दुसराच आहे आणि तो व्हिडिओत नसणार. डोळा लाल झाला की घरात पडलेले जुने थेंब टाकणं. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर ताजा हर्पीस असेल तर व्रण झपाट्याने पसरतो. आम्ही फ्लुरेसिन या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बघतो, तेव्हा बुबुळावर हिरवी झळकणारी बारीक फांदी दिसते, टोकांना छोट्या गाठी असलेली. फांदी दिसली की आधी विषाणूवरचं औषध. सूज खोल थरात असेल तेव्हा मात्र स्टिरॉइड लागतं, विषाणूवरच्या औषधाच्या जोडीने. हा निर्णय स्लिट लॅम्पवर, म्हणजे आमच्याकडच्या दिवा असलेल्या सूक्ष्मदर्शकावर, डोळा बघूनच होतो. आरशात बघून किंवा फोनवर फोटो पाठवून होत नाही.

पैलतीर

आणि स्टिरॉइडने बरं वाटून पुन्हा पुन्हा उलटत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर नमुना घ्यायचा का असं स्वतःहून विचारा. आम्ही विचारलं नव्हतं, कारण असा प्रश्न असतो हेच माहीत नव्हतं.

नेत्रांजली

+१. विचारल्याने कोणी चांगला डॉक्टर रागावत नाही.

जाईजुई

ठीक. पुढच्या तपासणीला तीन गोष्टी विचारणार आहे: गोळी किती काळ चालू ठेवायची, मूत्रपिंडाची तपासणी हवी का, आणि डोळा लाल झाल्यावर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं. नवऱ्याने त्या व्हिडिओखाली ग्रुपवर या धाग्याची लिंक टाकली आहे. दोन काकू आणि एका भाच्याने वाचून प्रश्न पाठवलेत, ते इथेच विचारायला सांगितलंय.

रानवारा

बहिणीच्या कपाटात अर्धी वापरलेली थेंबांची बाटली निघाली. नाव वाचलं, स्टिरॉइडच आहे. आता ती तपासणीला सोबत न्यायची की टाकून द्यायची?

नेत्रांजली

उघडलेली जुनी बाटली वापरायची नाही. लेबलचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, म्हणजे आधी काय आणि किती दिवस टाकलं ते कळेल. मग बाटली टाकून द्या.